बाटली गप्प झाली, तर आधी नाक बघा

नवजात विभागात नवीन आलेल्या नर्स मुलींचं लक्ष बबल सीपॅपच्या बाटलीवरच असतं. बबल सीपॅप म्हणजे बाळाच्या नाकातून सतत दाबाची हवा देणारं साधन; त्यातली बाहेर पडणारी हवा बाटलीतल्या पाण्यात बुडबुडते. पाणी बुडबुडतंय, म्हणजे सगळं ठीक! मीही तशीच होते. पहिल्याच रात्रपाळीत बुडबुडे थांबले आणि मी नुसती फ्लोची, म्हणजे हवेच्या प्रवाहाची, किल्ली फिरवत बसले. प्रॉन्ग, म्हणजे नाकपुड्यांत बसवायची छोटी दुतोंडी नळी, नाकातून निसटून गालावर आला होता.

म्हणून सुरुवात नाकापासून. प्रॉन्ग नाकपुडी भरेल एवढा हवा, पण नाकपुडीची कड पांढरी पडता कामा नये. प्रॉन्गचा पूल (दोन टोकांना जोडणारा भाग) आणि दोन नाकपुड्यांमधला पडदा यांत दोन मिलिमीटर फट ठेवाच. चिकटला की पडद्याला जखम होते, आणि ती मग महिनाभर आपल्याकडे बघत राहते. दर दोन-तीन तासांनी प्रॉन्ग सैल करून कातडी बघायची. टोपरं घट्ट, नळ्या टोपऱ्याला नीट बांधलेल्या.

हवा बाहेर सोडणारी नळी बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटीमीटर बुडवली, की दाब तेवढाच. फ्लो बुडबुडे येतील इतकाच. ऑक्सिजन ब्लेंडरवर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं यंत्र), सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ टक्क्यांच्या मध्ये. शंभर दिसलं की खूश होऊ नका, जादा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला बाधतो. पोटात हवा जाते, म्हणून तोंडातून पोटात घातलेली नळी उघडी ठेवायची.

बुडबुडे थांबले तर? प्रॉन्ग बाहेर काढून टोकं बोटांनी दाबा. पाणी बुडबुडलं, तर गळती बाळाकडे: सैल प्रॉन्ग, नाहीतर उघडं तोंड. नाही बुडबुडलं, तर सर्किट, म्हणजे नळ्या आणि त्यांचे जोड, तपासा. आणि बुडबुडे असूनही बरगड्या आत ओढल्या जात असतील, बाळ कण्हत असेल, तर लगेच डॉक्टरांना हाक मारा.

खानापूरकडच्या एका आजीनं विचारलं, "बाई, पाणी नाकात चढंल की हो?" म्हटलं, "नाही आजी, ओली पिशवी आतून चिकटते की नाही, तशी याची फुप्फुसं चिकटतात. ही हवा चिकटू देत नाही." कानडी बाळंतिणींना मी 'उसिरु' एवढंच म्हणून छातीवर हात ठेवते, उरलेलं त्या समजतात.

सीपॅपवर असतानाही बाळाला आईच्या छातीशी देता येतं. परवा अशीच एक आई हळूच म्हणाली, "सिस्टर, भांडं गप्प झालं." मी उठले आणि आधी नाक बघितलं.