पिक्सेल लाइटला ५, १२ की २४ व्होल्ट? आधी टेप काढा

पिक्सेल लाइटची पट्टी (कंट्रोलरनं रंग बदलता येणाऱ्या दिव्यांची; एकेक दिवा म्हणजे पिक्सेल) विकत घ्यायच्या आधी मोजायची टेप घेऊन मंडपात जा. एसएमपीएस (२३० व्होल्टवरून पट्टीला लागतील तेवढे व्होल्ट देणारा सप्लाय) कुठं बसणार आणि तिथून शेवटच्या पिक्सेलपर्यंत वायर किती लागणार, ते मोजा. व्होल्टेज किती घ्यायचं ते त्या मापावर ठरतं, दुकानातल्या दरावर नाही. आमच्या बेळगावात तर हे जास्तच. भाद्रपदात इथला पाऊस सरलेला नसतो, म्हणून एसएमपीएस कमानीवर टांगायचा नाही. तो कुणाच्या तरी सोप्यात, कोरड्यात ठेवायचा. आणि कमान असते गल्लीच्या तोंडाला. शहापूर-वडगावच्या मंडळांत माझं निम्मं काम या मधल्या अंतराशीच असतं.

पाच व्होल्टची नेहमीची पट्टी म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी. पूर्ण पांढऱ्यावर एक पिक्सेल ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो असं धरून चाला. मीटरला ६० पिक्सेल असले तर मीटरमागे ३.६ अँपिअर, पाच मीटरच्या रिळाला १८. एवढा करंट लांबून आणणं हीच खरी अडचण.

दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला साधारण १२ मिलिओहम रोध देते. सोप्यापासून कमान ८ मीटरवर असली तर जाऊन-येऊन १६ मीटर, म्हणजे सुमारे ०.१९ ओहम. आता ५० वॅटचा लोड घ्या. ५ व्होल्टवर तो १० अँपिअर मागतो, वाटेतच १.९ व्होल्ट जातात, पट्टीला ३.१ उरतात. तेच ५० वॅट १२ व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या आत बसतात, ०.८ जातात, ११.२ उरतात. २४ व्होल्टवर तर ०.४ च जातात. निळ्या-हिरव्याला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, लालला दोन पुरतात. म्हणून व्होल्ट पडले की पांढरा रंग आधी पिवळट होतो, मग लालसर. लोक म्हणतात पट्टी खराब निघाली. पट्टी चांगली असते, वायर कमी पडलेली असते.

घरचं मखर, देवघर, किंवा एसएमपीएस अगदी पाठीमागे बसेल असा नावाचा बोर्ड असला, तर ५ व्होल्टच घ्या. स्वस्त पडतं, एकेक पिक्सेल वेगळा चालतो, कुठंही कापता येतो. मखराला ६० पिक्सेल आणि ५ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय असेल, तर डब्ल्यूएलईडीत (कंट्रोलरवर चालणारं सॉफ्टवेअर) करंटची मर्यादा २.५ अँपिअरवर बांधा.

कमानीला मी १२ व्होल्ट सांगतो. त्यात दोन जाती आहेत आणि इथं घाई करू नका. १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८११ पट्टीत तीन-तीन दिवे एका आयसीवर (चिपवर) असतात. तिघांचा रंग एकच, कापायचं तेही तिनाच्या खुणेवर. रस्त्यावरून बघणाऱ्याला पळत्या रंगात ते कळतसुद्धा नाही. पण अक्षरं किंवा चित्र उमटवायचं असेल तर डब्ल्यूएस२८१५ घ्या. त्यात दिवा न् दिवा वेगळा चालतो, शिवाय डेटाची (रंगाचे हुकूम नेणारी) दुसरी तार असते, त्यामुळे मधला एखादा पिक्सेल गेला तरी पुढची ओळ चालू राहते. ऐन मिरवणुकीत शिडी लावावी लागत नाही, यासाठी मी जास्तीचे पैसे खुशीनं घालतो.

२४ व्होल्ट इमारतीच्या लांबलचक कठड्याला. बहुतेक पट्ट्यांत सहा-सहा दिवे एकत्र असतात, म्हणून बारीक कामाला ती नको.

शिवजयंतीच्या चित्ररथाला बॅटरी आहेच म्हणून १२ व्होल्ट सोयीचं वाटतं, आणि आहेही. पण ट्रॅक्टरच्या बॅटरीवर थेट जोडू नका. इंजिन चालू असताना ती १४ व्होल्टच्या वर जाऊ शकते. डब्ल्यूएस२८१५ ची कमाल मर्यादा १३.५ आहे. मध्ये १२ व्होल्ट पक्के देणारा कन्व्हर्टर घाला.

पट्टी कितीही व्होल्टची असो, डेटा ५ व्होल्टचाच असतो. ईएसपी३२ या कंट्रोलर चिपचे ३.३ व्होल्ट कधी चालतात, कधी दगा देतात. मध्ये ७४एएचसीटी१२५ (डेटा ३.३ वरून ५ व्होल्टवर चढवणारी चिप) बसवा. कंट्रोलर आणि एसएमपीएसचं ग्राऊंड एकत्र जोडा. बाराची तार डेटाला चुकूनही लागू देऊ नका, पहिला पिक्सेल जागीच जातो.

एसएमपीएस ८० टक्क्यांवर चालवा. सप्लायच्या प्रत्येक फाट्याला फ्यूज हवाच: ५ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण ४० अँपिअरमध्ये वायर पेटते. २३० व्होल्टच्या बाजूला अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), यात तडजोड नाही. पोरं ओल्या हातानं कमानीला टेकतात.

बांधायच्या आधी सगळं जमिनीवर पसरा, पूर्ण पांढरं लावा आणि शेवटच्या टोकाला मल्टिमीटर धरा. ५ च्या पट्टीवर ४.५ च्या खाली किंवा १२ च्या पट्टीवर १०.८ च्या खाली आकडा आला, तर त्या टोकालाही सप्लायची वेगळी जोडी आणा. एसएमपीएसचा व्होल्ट वाढवायचा स्क्रू पिळून भागवायला जाऊ नका. २८१२बी ला ५.३ च्या वर सोसत नाही, आणि सगळ्यात जास्त व्होल्ट मिळतात ते सप्लायजवळच्या पिक्सेलना.