पूल टेबलाचं कापड बदलताय? आधी खालची फरशी बघा

बेळगाव-खानापूरच्या पावसात पूल टेबलाचं लोकरी कापड ओल धरतं आणि सैल पडतं. म्हणून कापड बदलायचं काम शक्यतो गणपतीची चवथ उलटल्यावर, हवा कोरडी झाली की काढावं.

पण चेंडू एका बाजूला वळतो म्हणून नवं कापड आणत असाल तर थांबा. तो दोष बहुतेक वेळा कापडाचा नसतो, कापडाखालच्या स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, फरशीचा असतो. मोठ्या टेबलात ती तीन तुकड्यांत येते. जुनं कापड आणि पिना काढल्यावर सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर एक तुकडा खाली बसलाय. गवंड्याची पाणसळ इथं पुरत नाही, मशीनशॉपमधली बारीक पाणसळ मागून आणा. उद्यमबागेच्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीच्या, शेजारी राहून ती मिळाली नाही तर नवलच! तुकड्याखाली पातळ पाचर सरकवून पातळी जुळवा. मग सांध्यात मधमाशांचं मेण वितळवून ओता, गार झालं की पात्यानं सपाट खरवडा. मेणाचा एक कण राहिला तरी कापडाखाली फोड दिसतो.

कापड सोफ्यासारखं एका बाजूनं ओढत नेऊ नका. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं, मधून कोपऱ्यांकडे ताणा.

कुशनचं, म्हणजे चेंडू आपटून परततो त्या टेबलाच्या काठाचं, रबर अंगठ्यानं दाबून बघा. लाकडासारखं लागलं तर तेही आत्ताच बदला. कुशनची धार चेंडूच्या व्यासाच्या साधारण 63.5 टक्के उंचीवर हवी, म्हणजे 57.15 मिमीच्या चेंडूला 36 मिमीच्या आसपास.