सिम्युलेशनला आकडे देताना एकक वेगळ्या रकान्यात लिहा
रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपचं पहिलं सिम्युलेशन, म्हणजे कामाची कॉम्प्युटरवरची नक्कल, केलं, तेव्हा स्क्रीनवर ८ तासांत १११ नग निघाले. प्रत्यक्षात १०६च्या वर कधी गेलो नव्हतो. घोळ सायकल टाइमच्या (एका नगाला लागणाऱ्या वेळेच्या) एका आकड्यात होता: ‘४.३०’. सुपरवायझरच्या मनात ४ मिनिटं ३० सेकंद. सॉफ्टवेअरने वाचलं ४.३ मिनिटं, म्हणजे ४ मिनिटं १८ सेकंद.

तेव्हापासून वेळ फक्त सेकंदांत, ‘२७०’, आणि शेजारच्या रकान्यात एकक. सेटिंगचा, म्हणजे कामाआधी मशीन लावून घेण्याचा, वेळ त्यात मिसळायचा नाही. मशीनचं नावही सगळीकडे एकच हवं. ईआरपीत (कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘व्हीएमसी-२’ आणि मेंटेनन्सच्या वहीत ‘खिडकीजवळचं’ असेल, तर सॉफ्टवेअरला ती दोन मशीनं वाटतात!

रकाने स्वतः ठरवत बसू नका. सिसो या सिम्युलेशनची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं सीएमएसडी (कोअर मॅन्युफॅक्चरिंग सिम्युलेशन डेटा) हे मानक २०१० पासून आहे. मशीन, कामगार, पार्ट, प्रोसेस प्लॅन, शिफ्ट यांची माहिती कशी मांडायची ते त्यात ठरलेलं आहे. २०१२ मध्ये त्याचं एक्सएमएल रूपही आलं, म्हणजे सॉफ्टवेअरला थेट वाचता येईल अशी फाइलची मांडणी. छोट्या शॉपला ते जरा जडच जातं, खरं सांगायचं तर. पण त्यातली नावं एक्सेलच्या रकान्यांना दिलीत, तरी सॉफ्टवेअर बदलताना बरीच डोकेफोड वाचते.