व्हीपीएसची ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना आधी तारीख बघा

व्हीपीएस (होस्टिंग कंपनीकडून भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर) घेताना ‘सगळ्यात वेगवान लिनक्स कोणतं?’ हा प्रश्न सोडून द्या. तेच वर्डप्रेस, तोच एनजिनएक्स (वेब सर्व्हर) डेबियनवर टाका नाहीतर अल्मालिनक्सवर (दोन्ही लिनक्सचीच रूपं), साइट बघणाऱ्याला काडीचाही फरक कळत नाही. फरक पडतो तो काही वर्षांनी, सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात तेव्हा. म्हणून निवड या क्रमाने करा.

१. विंडोज लागतंय का, ते ठरवा. टॅली रिमोट डेस्कटॉपवरून चालवायचंय, किंवा जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवरचं अ‍ॅप आयआयएसवर (विंडोजच्या वेब सर्व्हरवर) आहे? मग विंडोज सर्व्हर घ्या. फक्त एक खर्च आधीच धरा: सोबत मिळणारी दोन रिमोट सेशन देखभालीपुरती असतात. ऑफिसातली माणसं रोज लॉगिन करून काम करणार असतील तर त्यांचे परवाने वेगळे घ्यावे लागतात. नवं डॉट नेट आणि एसक्यूएल सर्व्हर मात्र लिनक्सवर चालतात, त्यांच्यासाठी विंडोजचं भाडं भरू नका.

२. कंट्रोल पॅनल (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर त्याची यादी जुळवा. सीपॅनल डेबियनवर बसत नाही. प्लेस्क बसतं. पॅनलच्या कंपनीने दिलेली, चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची यादी उघडा आणि नावाबरोबर आवृत्तीचा आकडाही तपासा.

३. सपोर्ट कधी संपतो आणि पुढे कसं जायचं, हे बघा.

खरी मेख इथे आहे. मला ही पायरी नीट कळायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण यात दोन वेगळे प्रश्न आहेत: या आवृत्तीला अपडेट कधीपर्यंत मिळणार, आणि ते संपल्यावर डिस्क न पुसता पुढच्या आवृत्तीवर जाता येणार का?

दुसरा प्रश्न बहुतेक सल्ल्यांत नसतोच. ‘नंतर बदलता येईल’ म्हणणाऱ्याने चालू सर्व्हर हलवलेला नसतो. होस्टिंग कंपनीच्या पॅनलमध्ये ‘रीबिल्ड’ किंवा ‘रीइन्स्टॉल’ बटण असतं, ते दाबलं की डिस्कवरचं सगळं जातं. सुरक्षित रस्ता म्हणजे शेजारी दुसरा व्हीपीएस घ्यायचा, डेटाबेस आणि फायली तिकडे न्यायच्या, डीएनएसचा (डोमेन नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय) टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) आधीच कमी करून ठेवायचा आणि मग पत्ता वळवायचा. मेल आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) राहून गेलेत का, ते तपासायचं. तोवर भाडं दोन सर्व्हरचं.

सेंटओएस ८ चं (रेड हॅटच्या लिनक्सचं फुकट रूप) उदाहरण विसरू नका. ते २०१९ मध्ये आलं, २०२९ पर्यंत चालेल असं सांगितलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०२१ ला सपोर्ट बंद. लोकांना जेमतेम वर्ष मिळालं. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स २०२१ मध्ये आले ते याच पोकळीत. सेंटओएस ७ सुद्धा ३० जून २०२४ ला संपलं. होस्टिंग कंपनीच्या यादीत ते अजून दिसलं तरी घेऊ नका. यादीत असणं म्हणजे सपोर्ट असणं, असं धरून चालू नका.

आजचा हिशेब असा आहे. उबंटूमध्ये (हेही लिनक्सच) सम वर्षाच्या एप्रिलची आवृत्ती एलटीएस (दीर्घ सपोर्टची), तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. म्हणजे २४.०४ ला २०२९ पर्यंत. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने, सर्व्हरवर त्या कधीही टाकू नका. डेबियनला तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढे दोन वर्षं एलटीएस गटाकडून. अल्मालिनक्सच्या आवृत्ती ९ ला मे २०३२ पर्यंत.

आकड्यात अल्मा जिंकतं, पण दुसरा प्रश्न विचारा. उबंटू आणि डेबियन जागच्या जागी पुढच्या आवृत्तीवर नेता येतात, तो अधिकृत रस्ता आहे. (उबंटूची नवी एलटीएस आली की लगेच उडी मारू नका, ‘.१’ आवृत्ती येऊ द्या.) अल्माकडे एलिव्हेट नावाचं साधन आहे, पण पॅनल आणि बाहेरच्या रेपॉझिटरी (सॉफ्टवेअर मिळण्याची ठिकाणं) असलेल्या सर्व्हरवर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. पॅनल नसेल तर डेबियन. तुमच्या अ‍ॅपचे इन्स्टॉलेशनचे कागद उबंटू धरून लिहिले असतील तर उबंटू एलटीएस. सीपॅनल असेल, किंवा सर्व्हर एकदा लावून वर्षानुवर्षं हात लावायचा नसेल, तर अल्मालिनक्स. नेहमी चालू आवृत्त्यांतली नवी घ्या. जुनी घेतली की पैसे पूर्ण आणि आयुष्य अर्धं.

अल्मा घेतलंत तर एसईलिनक्स (कोणत्या प्रोग्रामला काय करायची मुभा आहे ते ठरवणारी सुरक्षा) बंद करू नका. एनजिनएक्स ५०२ ही त्रुटी दाखवतो, लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतं, आणि कुणीतरी सांगतं की एसईलिनक्स बंद करून टाक. अनेकदा प्रश्न इतकाच असतो की वेब सर्व्हरला मागच्या अ‍ॅपशी जोडणी करायची मुभा नाही. त्यासाठी एक बूलियन (चालू/बंद) सेटिंग आहे, तेवढंच चालू करा.

४. केव्हीएम (स्वतःचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, देणारा आभासी सर्व्हर) आहे ना, विचारा. ओपनव्हीझेड या दुसऱ्या प्रकारात कर्नल होस्टचा (मूळ यंत्राचा) असतो, डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) चालवायचं असेल तर तिकडे जाऊ नका.

५. रॅम बघा. एक जीबी किंवा कमी असेल तर डेबियन. तेवढ्या रॅमवर अल्माचा डीएनएफ (सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्राम) अपडेट करताना मेमरी संपून मध्येच मारला जाऊ शकतो, आधी स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा.

६. मिनिमल इमेज (कमीत कमी सॉफ्टवेअर असलेली) टाका. डेस्कटॉप नको. एसएसएच की (पासवर्डऐवजी लॉगिनसाठीची किल्ली-फाइल) लावा, सुरक्षेचे अपडेट आपोआप चालू करा आणि सपोर्ट संपण्याच्या एक वर्ष आधीची तारीख आजच कॅलेंडरात टाका.