स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमधून पाणी गळत होतं : माझा अनुभव

नाशिक, इंदिरानगर. दीड टनाचा स्प्लिट एसी दिवाळीपासून बंद होता. मार्चमध्ये लावला आणि वीस मिनिटांत डाव्या कोपऱ्यातून पाणी टपकायला लागलं, थेट गादीवर. हवा मात्र गार.

फिल्टर धुतले, फरक नाही. मेकॅनिक म्हणाला, गॅस भरा. पण गॅस कमी असता तर आतल्या, हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या कॉइलवर बर्फ धरला असता, गारवाही कमी झाला असता; दोन्ही नव्हतं. आठवडाभर एसीखाली परात ठेवून झोपलो.

शेवटी एसीतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या ड्रेन पाइपचं बाल्कनीतलं तोंड पाहिलं. कुंभारमाशीनं मातीचं घर करून ते चक्क लिंपून टाकलेलं!

आधी एमसीबी, म्हणजे एसीची वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, बंद केला. माती तारेनं हलकेच कोरून काढली; तार फार आत घालू नका, पाइप फाटतो. मग पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमची नळी तिथे ओल्या फडक्यानं घट्ट धरून दोन मिनिटं चालवली. काळा, बुळबुळीत गाळ निघाला. नंतर पुढचं पॅनेल उघडून, फिल्टर काढून, कॉइलखालच्या ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी अगदी हळू ओतलं. बाहेर सरळ धार आली, तेव्हाच एमसीबी चालू केला.

आता पाइपच्या तोंडाला डासांची जाळी बांधलीय. परात परत स्वयंपाकघरात गेली.