मालवाहू ट्रकसाठी जीपीएस नेव्हिगेशन कसे निवडावे

ट्रान्सपोर्टच्या व्यवसायात ‘गाडीला जीपीएस बसवला आहे’ असे कोणी सांगितले, तर बहुतेक वेळा गाडी कुठे पोहोचली हे मालकाला दाखवणारा ट्रॅकर बसवलेला असतो. चालकाला वळणावळणावर रस्ता सांगणारे नेव्हिगेशन ही वेगळी सोय आहे आणि दोन्हींची खरेदीही वेगवेगळीच करावी लागते. एकाच यंत्रात सगळे मिळेल असे विक्रेता सांगत असेल, तर यांतले नेमके कोणते काम ते यंत्र करते, हे त्याच्याकडून आधी वदवून घ्यावे.

ट्रॅकरच्या बाबतीत निवडीला फार वाव नाही. प्रवासी सार्वजनिक वाहनांसाठी आणि धोकादायक माल वाहणाऱ्या ट्रकसाठी एआयएस-१४० या मानकाचेच यंत्र लागते. आपली गाडी त्यात मोडते का, हे परवान्याच्या अटी वाचून किंवा आरटीओत विचारून ठरवावे. यंत्र घेताना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचे मान्यतापत्र मागावे आणि त्यावरचे मॉडेल हातातल्या यंत्राशी ताडून पाहावे. ट्रॅकरपुरते एवढे पुरेसे आहे. खरा विचार नेव्हिगेशनचा करायचा आहे.

पहिली पायरी: गाडी मोजा

कोणतेही ॲप उघडण्यापूर्वी गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि भरलेल्या गाडीचे एकूण वजन कागदावर लिहून काढावे. यांत सर्वांत जास्त चूक उंचीची होते, कारण चालकाच्या तोंडी असलेला आकडा अनेकदा मोकळ्या गाडीचा किंवा मागच्या फेरीच्या मालाचा असतो. उदाहरणार्थ, नाशिकहून द्राक्षे घेऊन न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरवर साधारणपणे ‘हाय क्यूब’ जातीचा शीतकंटेनर चढवलेला असतो. नेहमीच्या कंटेनरची उंची सुमारे २.५९ मीटर, तर हाय क्यूबची सुमारे २.९० मीटर असते. ट्रेलरचा पृष्ठभाग जमिनीपासून दीड मीटर उंच धरला, तर एका बाबतीत गाडी ४.१ मीटरच्या आत राहते आणि दुसऱ्या बाबतीत ती ४.४ मीटरपर्यंत जाते. रेल्वेच्या जुन्या भुयारी मार्गासमोर लावलेल्या आडव्या लोखंडी बारखालून गाडी जाईल की अडकेल, हे या एका फुटावर ठरते. आणखी एक गोष्ट अनुभवी चालकांना ठाऊक असते, नवख्यांना मात्र ती सांगावी लागते: माल उतरवल्यावर चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरचा भार कमी होतो आणि गाडी थोडी वर उचलली जाते, त्यामुळे भरलेली असताना जेमतेम निघालेली गाडी परतताना त्याच जागी घासू शकते. म्हणून उंची टेपने दोनदा मोजावी, एकदा भरलेली असताना आणि एकदा रिकामी असताना, आणि नोंद मोठ्या आकड्याची ठेवावी.

दुसरी पायरी: नकाशाला ट्रक कळतो का ते पाहा

अमेरिकेत आणि युरोपात गार्मिन कंपनीची ‘डेझल’ मालिका किंवा तत्सम यंत्रे खास ट्रकसाठी विकली जातात. गाडीची उंची, वजन, लांबी आणि धोकादायक मालाचा प्रकार एकदा भरला, की कमी उंचीचे पूल आणि वजनाची मर्यादा असलेले रस्ते टाळून ते यंत्र मार्ग आखते. त्या यंत्राची खरी किंमत त्याच्या नकाशात भरलेल्या माहितीची असते. आपल्याकडच्या पुलांची आणि बंदीच्या वेळांची तशी माहिती त्यात नसेल, तर परदेशातून आणलेले महागडे यंत्रही चालकाला मोटारीचाच रस्ता दाखवील. त्यामुळे अशा यंत्राच्या चौकशीत पहिला प्रश्न पडद्याच्या आकाराचा विचारू नये. ‘महाराष्ट्रातल्या राज्य मार्गांवरील पुलांची उंची आणि भारमर्यादा यात आहे का, आणि ती कोण अद्ययावत करते?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर गोलमोल आले तर तिथेच थांबावे.

आपल्या बहुसंख्य चालकांच्या हातात असते ते गूगल मॅप्स. त्यात मोटार आणि दुचाकी हे प्रकार आहेत, ट्रक हा प्रकार नाही. जुलै २०२४ मध्ये या ॲपने चारचाकी वाहनांना अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय भारतात सुरू केली, मात्र सुरुवातीच्या आठ शहरांत महाराष्ट्रातले एकही शहर नव्हते, आणि ती सोयही चाळीस फुटी ट्रेलर डोळ्यांसमोर ठेवून केलेली नाही. मॅपमायइंडियाचे ‘मॅपल्स’ हे देशी ॲप उड्डाणपुलाच्या फाट्यावर चौकाचे चित्र दाखवते, त्यामुळे वर चढायचे की सेवा रस्त्याने जायचे हे लवकर उमगते. माझा सल्ला असा, की फोनमध्ये दोन्ही ॲप ठेवावीत, निघण्यापूर्वी दोन्हींवर मार्ग काढावा आणि ते जिथे वेगळे होतात, नेमका तेवढा तुकडा त्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या चालकाला फोन करून विचारून घ्यावा.

तिसरी पायरी: ॲपला ठाऊक नसलेल्या गोष्टींची यादी करा

ही यादी कंटाळवाणी वाटते, पण सगळ्या निवडीत मी सर्वांत जास्त वजन तिलाच देईन. छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या कन्नडच्या औट्रम घाटात न्यायालयाच्या आदेशाने २०२३ पासून अवजड वाहनांना बंदी आली. भोर आणि महाडला जोडणारा वरंध घाट पावसाळ्यात अवजड वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो. मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांत अवजड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळा वाहतूक पोलीस ठरवतात आणि त्या बदलतातही. मोटारीसाठी आखलेला मार्ग यांतल्या कशाचीही पर्वा करत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर जाऊन बुडाली आणि एकाचा जीव गेला, तेव्हा चालक मोबाइलवरच्या नकाशाप्रमाणे जात होता असे बातम्यांत आले होते. म्हणून ज्या ॲपमध्ये मार्गाच्या मधले थांबे आपल्या हाताने टाकून ठेवता येतात, तेच निवडावे. बंदीचा घाट टाळायचा असेल तर पर्यायी मार्गावरचे एखादे गाव थांबा म्हणून टाकले, की नकाशाला त्या बाजूनेच जावे लागते.

उताराचेही तसेच आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात सर्वांना ठाऊक आहेत. तिथे नकाशा फक्त सरळ रस्ता दाखवतो, गिअर कोणता ठेवावा हे सांगत नाही, आणि न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्याला कोणतेही नेव्हिगेशन वाचवू शकत नाही.

मार्ग लांबला तर मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलाची मुदतही तपासावी. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे, त्यामुळे घाट टाळण्यासाठी घेतलेला मोठा वळसा बिल काढतानाच अंतरात धरलेला बरा.

चौथी पायरी: केबिनमधली मांडणी

बहुतेक अवजड ट्रकची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते, छोट्या मालवाहू गाड्यांची १२ व्होल्टची. मोटारीसाठीचा स्वस्त चार्जर ट्रकमध्ये लावला की तो जळतो, कधी फोनलाही घेऊन जातो. चार्जरवर ‘१२ ते २४ व्होल्ट’ असे छापलेले पाहूनच तो घ्यावा. मोबाइल स्टँड काचेच्या मधोमध न लावता डॅशबोर्डवर खालच्या बाजूला, आरशाकडे जाणारी नजर अडणार नाही असा लावावा; चैत्र-वैशाखाच्या उन्हात काचेला चिकटलेला फोन तापून बंद पडतो, हे त्याचे दुसरे कारण. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी चालकाला मार्ग पाहण्यासाठी मोबाइल वापरण्याची मुभा दिली आहे, पण चालवण्यावरचे लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. म्हणून सूचना आवाजी असाव्यात आणि चालकाला सहज कळणाऱ्या भाषेत असाव्यात. चालक उत्तर प्रदेशचा किंवा बिहारचा असेल तर मालकाने हौसेने मराठी आवाज लावून ठेवू नये.

मार्गाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण घाटात आणि कोकणात नेटवर्क मध्येच जाते. उपग्रहाचा संकेत मात्र इंटरनेटशिवायही मिळतो, त्यामुळे उतरवलेला नकाशा चालत राहतो. वाहतूक कोंडीची ताजी माहिती तेवढी थांबते.

पाचवी पायरी: ओळखीच्या रस्त्यावर पारखा

नवे ॲप किंवा यंत्र अनोळखी मार्गावर तपासू नये, कारण तिथे त्याची चूक चूक म्हणून ओळखू येत नाही. चाकण ते न्हावा शेवा ही फेरी तपासणीसाठी चांगली आहे. खंडाळ्याच्या घाटात जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्र येतात. पुढे ते सुटतात तेव्हा यंत्र किती आधी सांगते ते पाहावे. चाळीस टनांची गाडी ऐनवेळी मार्गिका बदलू शकत नाही, म्हणून फाट्यापासून दोनशे मीटरवर आलेली सूचना ट्रकच्या उपयोगाची नाही. माडप आणि भाताण बोगद्यांत संकेत तुटल्यावर बाहेर पडताना गाडीची जागा किती वेळात सापडते, हेही पाहावे. पनवेलजवळ उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांत यंत्राचा गोंधळ होतो का, तेही तपासावे. उपग्रहाच्या संकेतातून वरचा रस्ता आणि खालचा रस्ता वेगळे ओळखणे अवघड असते, त्यामुळे थोडी गल्लत क्षम्य मानावी, पण चुकल्यावर यंत्र ट्रेलरला गल्लीतून यू-टर्न घ्यायला सांगत असेल तर ते परत करावे.