खेळसाहित्याचं जुनं दुकान बंद करताना: माल आधी, नोंदणी शेवटी

खेळाच्या सामानाचं पंचवीस-तीस वर्षांचं दुकान बंद करायचं ठरलं की बहुतेक जण आधी सीएकडे जातात आणि जीएसटी नोंदणी रद्द करायचा अर्ज टाकून मोकळे होतात. घोळ तिथेच होतो. नोंदणी रद्द होते त्या तारखेला दुकानात जो माल शिल्लक असेल, त्यावर कर भरावाच लागतो. गिऱ्हाईक मिळालं की नाही, हे सरकार विचारत नाही. म्हणून आधी माल संपवायचा, मग उधारी, आणि कागदपत्रं सगळ्यात शेवटी.

तारीख ठरवताना

बंदची तारीख 31 मार्च धरा आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कामाला लागा. वर्ष संपतं तिथेच वह्या संपतात, हा एक फायदा. दुसरा त्याहून मोठा आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांचे क्रीडा महोत्सव आणि स्नेहसंमेलनं असतात. जानेवारीपासून गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. मार्च आला की शाळांना अनुदान खर्ची टाकायचं असतं. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना खेळसाहित्यासाठी प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. असे पंधरा-वीस मुख्याध्यापक गाठले तर फुटबॉल, दोरीउड्या, लेझीम, रिंग आणि कॅरमचा बराचसा साठा एकगठ्ठा जातो. त्यांना पक्कं बिल लागतं, म्हणजे तोवर नोंदणी चालू हवी.

पावसाळ्यात बंदचा सेल लावू नये. त्या चार महिन्यांत लेदरला बुरशी येते, बॅटा ओल धरतात आणि क्रिकेटचं गिऱ्हाईक फिरकत नाही.

मोजणी माळ्यापासून

काउंटरवरचा माल मालकाला पाठ असतो, अडकलेला पैसा माळ्यावर असतो. म्हणून मोजणी वरून खाली करा. प्रत्येक नगासमोर खरेदीचं साल, खरेदी बिल आहे की नाही, एमआरपी आणि कराचा दर लिहा. मग चार ढीग करा: चालू माल, जुना पण सरळ विकता येईल असा, सरावापुरता, आणि अजिबात विकू नये असा. या शेवटच्या ढिगाबाबत मोह आवरा. दुकान बंद झाल्यावर तक्रार घेऊन येणारा माणूस घरी येतो.

बॅटांपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त रक्कम तिथेच असते. माळ्यावर पत्र्याखाली राहिलेली इंग्लिश विलो (महागड्या बॅटांचं लाकूड) सुकते. सुकलेली बॅट वजनाला हलकी लागते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पहिल्याच नेटमध्ये तळाशी चीर जाते. पात्यावर प्लास्टिकची शीट नसेल तर चहाचा एक चमचा कच्चं जवसाचं तेल घ्या आणि पातं, कडा व टाच यांना मऊ फडक्याने लावा. मूठ आणि मूठ बसवलेली पाचर कोरडीच ठेवायची, तेलाने तिथला सांधा सैल होतो. बॅट पातं वर करून एक दिवस आडवी ठेवा आणि आठवड्याने दुसरा हात द्या. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं तेल नको, त्याचा वर थर धरतो आणि आत काही मुरत नाही. मूठ दोन्ही हातांनी पिळून बघा, कर्र असा आवाज आला तर ती बॅट सरावाच्या ढिगात टाका. मुठीच्या वेताला टाचणीएवढी भोकं दिसली आणि खाली पिठासारखा भुगा सांडलेला असेल, तर कीड लागली आहे. ती बॅट त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर करा.

एक गोष्ट जुन्या दुकानात हमखास निसटते. 1 ऑक्टोबर 2017 पासून क्रिकेटच्या नियमांत बॅटची कड जास्तीत जास्त 40 मिलिमीटर आणि जाडी 67 मिलिमीटर ठरली आहे. रुंदीची मर्यादा 108 मिलिमीटर, ती जुनीच. त्याआधीच्या काही वर्षांत जाड कडेची हौस होती, त्यामुळे माळ्यावर 42-43 मिलिमीटरची बॅट सापडू शकते. व्हर्नियर कॅलिपर घेऊन दहा मिनिटांत सगळ्या बॅटा मोजून होतात. जास्त भरली तर बिलावर 'फक्त सरावासाठी' असं लिहून विका. क्लबच्या मुलाला मॅचमध्ये पंचाने थांबवलं तर तो दुकानालाच शिव्या देणार.

हेल्मेटच्या बाबतीत दयामाया नको. आतला फोम बोटाने दाबा, भुगा पडला किंवा खड्डा तसाच राहिला तर ते विकायचं नाही. बीएस 7928:2013 हे ब्रिटिश मानक लिहिलेलं नसेल तरी नाही, मग ते पॅकबंद का असेना. जुन्या हेल्मेटमध्ये टोपी आणि जाळी यांच्यामधल्या फटीतून बॉल आत यायचा, त्यासाठीच ते मानक बदललं.

बुटांतही अशीच फसगत होते. डबा कोरा असतो, बूट चकचकीत असतो, आणि आठवडाभर घातला की सोल पावासारखा कुस्करतो. तो पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेतली वाफ त्याची रचना आतून तोडत जाते, बूट वापरा किंवा नुसता ठेवा. मुंबई-कोकणात पाच-सात वर्षांतही हे होतं. टाचेच्या वरच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. चिकट लागलं, भेग गेली किंवा पिवळी भुकटी निघाली तर जोड बाद. ईव्हीए फोमचा सोल असा कुस्करत नाही, तो कडक होतो आणि त्याचा गोंद सुटतो. असा जोड आधी चांभाराकडून शिवून घ्या, मग सेलला लावा.

सीझन बॉल, म्हणजे लेदरचा बॉल, वजनावर तपासा. पुरुषांच्या क्रिकेटचा बॉल 155.9 ते 163 ग्रॅमचा हवा. जुना बॉल सुकून 150 वर आलेला असतो, तो नेटसाठी डझनाने द्या. बुरशी असेल तर कोरड्या फडक्याने पुसून वर किंचित पांढरं व्हॅसलीन चोळा. पाण्याने धुतलात तर शिवण उसवलीच म्हणून समजा. लॉन टेनिसच्या बॉलचा सीलबंद डबाही दोनेक वर्षांत दम सोडतो. नियमाने 254 सेंटिमीटरवरून टाकलेला बॉल 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. भिंतीवर खडूच्या तीन रेघा मारल्या की परीक्षा झाली. नापास झालेले बॉल गल्ली क्रिकेटला अगदी छान.

पिसांची शटल उन्हाळ्यात माळ्यावर राहिली असतील तर पिसं काचेसारखी तुटतात. नळी दोन्ही बाजूंनी उघडून किटलीच्या वाफेवर दहा-पंधरा सेकंद धरा, मग बंद करून रात्रभर उभी ठेवा. त्याने आठवडाभर जीव येतो, म्हणून वाफ विकायच्या आदल्या दिवशीच द्यायची. नळीवरच्या गतीच्या आकड्याप्रमाणेही वेगळं करा. 75-76 चं शटल उकाड्याच्या, उंचावरच्या गावाला चालतं, 78 तिथे कोर्टाबाहेर जातं.

टेबल टेनिसच्या बॉलचे जुने खोके सापडले तर डब्यावरची अक्षरं वाचा. 2014 पासून आंतरराष्ट्रीय खेळात प्लास्टिकचे 40+ बॉल आले. त्याआधीचे सेल्युलॉइडचे असतात आणि ते भडकन पेटतात. मीटरच्या पेटीशेजारी किंवा देवघराखाली ते ठेवू नका, आणि रद्दीबरोबर जाळू तर मुळीच नका.

तार बसवलेल्या रॅकेटी वर्षानुवर्षं ताणात राहिल्या की फ्रेम वाकते. एक तार तुटलेली असेल तर बाकीच्या लगेच कापा, मधून बाहेर आळीपाळीने. रॅकेट रिकाम्या फ्रेमच्या भावात द्या आणि गटिंगचे, म्हणजे तार ओढून देण्याचे, पैसे वेगळे लावा. बॅडमिंटनचं 200 मीटरचं रीळ साधारण वीस रॅकेटींना पुरतं. एवढ्या रॅकेटी उरलेल्या नसतील तर रीळ आणि गटिंग मशीन दोन्ही एकाच अकादमीला देऊन टाका. दुकानातल्या जुन्या सामानात भाव येणारी गटिंग मशीन ही एकच गोष्ट आहे, तिच्यासाठी घाई करू नका.

परत पाठवणं आणि सवलतीची पायरी

मेरठ-जालंधरच्या कारखानदारांशी सेल लावण्याआधी बोला. बंदचा फलक लागल्यावर तेही भाव पाडतात. गेल्या वर्षभरातला, पेटी न फोडलेला माल ते बहुधा दुसऱ्या दुकानाकडे वळवतात. परत गेलेल्या मालाची क्रेडिट नोट जीएसटीत धरायची मुदत पुढच्या आर्थिक वर्षातल्या 30 नोव्हेंबरपर्यंत असते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या खरेदीवर करासकट परतावा निघत नाही.

सेल 50 टक्क्यांनी सुरू केला की पहिल्या चार दिवसांत दुसरे दुकानदार चांगला माल उचलतात आणि तुमच्याकडे पाच नंबरचे नि अकरा नंबरचे बूट उरतात. पहिले तीन आठवडे 15 टक्के, तेही फक्त ओळखीच्या क्लबांना आणि प्रशिक्षकांना. मग तीन आठवडे सगळ्यांना 25. फेब्रुवारीत 40. चालू मालाबरोबर पडून राहिलेला माल बांधा: बॅटीबरोबर जुने पॅड, फुटबॉलबरोबर पंप आणि स्टॉकिंग्ज. सवलतीचं स्टिकर छापील एमआरपी झाकणार नाही असं चिकटवा, झाकलं तर वैधमापनवाल्यांना (वजनमापे खात्याला) आयतं निमित्त मिळतं. नाव न कोरलेले ट्रॉफी-कप शेवटपर्यंत उरतात. ते मंडळांना डझनाने द्या, नावपट्टी त्यांची त्यांना करू द्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरलेला माल एकगठ्ठा उचलणाऱ्या लॉटवाल्याला बोलवा. तो खरेदीच्या वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जाईल ही आशा नको, आणि किमान दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा.

उधारी

खेळाच्या दुकानाची उधारी क्लब, शाळा आणि मंडळांकडे असते. मंडळाचा खजिनदार दरवर्षी बदलतो आणि नवा म्हणतो, मला माहीत नाही. म्हणून फोनवर भागवू नका. थकबाकीचा उतारा पाठवा आणि त्यावर सही-शिक्का घ्या. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत येणं लेखी मान्य करून घेतलं तर मुदत त्या तारखेपासून पुन्हा मोजली जाते. मुदत उलटल्यावर घेतलेल्या तशा सहीने ती जिवंत होत नाही.

तुमच्याकडचीही देणी आहेत. जर्सीसाठी घेतलेले आगाऊ पैसे परत करा. गटिंगला आलेल्या आणि न नेलेल्या रॅकेटी तुमचा माल नाहीत, त्या सेलमध्ये जाता कामा नयेत. यादी करून मेसेज टाका, तीन आठवडे द्या, उरतील त्या नावाची चिठ्ठी बांधून घरी ठेवा.

कामाला कधीही दहा किंवा जास्त माणसं होती तर ग्रॅच्युइटी लागू होते: शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. दहापेक्षा कमी असतील तर कायदा सक्ती करत नाही. पण वीस वर्षं रॅकेट ओढणाऱ्या पोराला नुसता नारळ देऊन पाठवू नये.

आता जीएसटी

शटर पडल्यापासून 30 दिवसांत आरईजी-16 हा नोंदणी रद्द करायचा अर्ज करायचा. त्या दिवशी उरलेल्या मालावर दोन आकडे काढा: खरेदीवेळी घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट), आणि आज तो माल विकला असता तर लागला असता तो कर. यातला जो मोठा असेल तो भरायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून बॅट-बॉल-रॅकेटचा दर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्यामुळे आधी घेतलेल्या मालाचं 12 टक्क्यांचं क्रेडिटच मोठं भरतं. व्यायामाची साधनं मात्र 18 टक्क्यांतच आहेत, आणि 2,500 रुपयांवरचे बूटही. मोजणीच्या वहीत दराचा रकाना ठेवायचा तो यासाठीच. खरेदी बिल सापडत नसेल तर बाजारभावाने अंदाज धरता येतो, पण त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं.

क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे जीएसटीच्या क्रेडिट खात्यात, शिल्लक असेल तर ती या देण्यात वळती होते. त्यातून उरलेलं रोखीने परत मिळेल असं धरून चालू नका. आणखी एक फास: उरलेला माल शाळेला फुकट दिला, किंवा बाद बूट फेकून दिले, तरी त्यावरचं क्रेडिट उलटवावं लागतं. द्यायचाच असेल तर कमी का होईना, किंमत लावून बिल करा. मुलगा किंवा पुतण्या चालतं दुकान जसंच्या तसं घेणार असेल तर हा खटाटोप लागत नाही, आयटीसी-02 हा फॉर्म भरून क्रेडिट त्याच्या नोंदणीवर जातं.

नोंदणी रद्द झाल्याची तारीख किंवा तसा आदेश निघाल्याची तारीख, यांतली जी नंतरची, तिच्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हा अखेरचा रिटर्न भरायचा. हाच लोक विसरतात, कारण दुकान तर केव्हाच बंद झालेलं असतं. त्याला दिवसाला 200 रुपये लेट फी लागत जाते. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर जीएसटीआर-10 नाही, तुमचा रिटर्न जीएसटीआर-4.

व्यवसाय कर वेगळा रद्द करावा लागतो. तो राहिला तर पीटीईसीचे (मालकाच्या स्वतःच्या व्यवसाय कराचे) वर्षाला 2,500 रुपये नावावर चढत राहतात. गुमास्ता, म्हणजे दुकान नोंदणीच्या, कार्यालयाला बंदची सूचना द्या. विजेच्या मीटरचं शेवटचं रीडिंग फोटोसकट घ्या आणि अनामत परत मागा. गाळा पागडीचा असेल तर मालकाचा हिस्सा किती, हे सेलचा फलक लावण्याआधी लेखी ठरवा. नंतर तो तुमची घाई ओळखून बोलतो.

दुकानाचा मोबाइल नंबर वर्षभर चालू ठेवा, उधारीचे फोन त्यावरच येतात. त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने बिलबुकं आणि खतावण्या जपायच्या असतात. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात नकोत, पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या टाकून ठेवा, आणि पेटीवर कोणत्या साली उघडायला हरकत नाही ते लिहा.